स्ट्रेप्टोमायसिनचा धडा

२४ मार्च १८८२ रोजी रॉबर्ट कॉख यांनी बर्लिन येथे क्षयाचा जंतू शोधल्याचे जाहीर केले. त्यानंतर पाचच वर्षांनी, १८८७ च्या फेब्रुवारीत, डॉ. आनंदीबाई जोशी पुण्यात याच रोगाने गेल्या. वय अवघे एकवीस. शत्रू कोण हे कळले होते. शस्त्र मात्र कोणापाशीच नव्हते. ते हाती यावयास एकसष्ट वर्षे लागली, आणि हाती येताच ते बोथटही होऊ लागले. तो इतिहास आज आम्हांला सांगावयाचा आहे.

१९४३ साली अमेरिकेतील रटगर्स विद्यापीठात, सेल्मन वाक्समन यांच्या प्रयोगशाळेत, अल्बर्ट शाट्झ या तरुण विद्यार्थ्याने मातीतील एका सूक्ष्म जीवापासून स्ट्रेप्टोमायसिन मिळविले. पेनिसिलिनला दाद न देणारा क्षयजंतू या औषधाने हटला. युद्धाने खंगलेल्या ब्रिटनला ते फार थोडे मिळू शकत होते. सर्वांना पुरणार नाही, तर निदान त्याची खरी परीक्षा तरी व्हावी, असे तेथील वैद्यकीय संशोधन मंडळाने ठरविले. ऑस्टिन ब्रॅडफर्ड हिल या संख्याशास्त्रज्ञांनी योजना आखली. दोन्ही फुप्फुसे वेगाने पोखरली जात असलेल्या १०७ रोग्यांपैकी कोणाला औषध द्यावयाचे, हे डॉक्टरांच्या मर्जीवर न ठेवता बंद लखोट्यांतील चिठ्ठीने ठरले. ५५ जणांना औषध व विश्रांती, ५२ जणांना केवळ विश्रांती.

सहा महिन्यांनी पहिल्या गटात ४ मृत्यू झाले होते, दुसऱ्यात १४. हे आकडे १९४८ साली प्रसिद्ध झाले, तेव्हा क्षय जिंकला असे कोणालाही वाटावे. पण त्याच अहवालात दुसरी एक नोंद होती. औषध घेणाऱ्या ज्या ४१ जणांचे जंतू तपासले गेले, त्यांपैकी ३५ जणांच्या जंतूंवर औषध आता पूर्वीसारखे चालत नव्हते. पाच वर्षांनंतरचा हिशेब तर याहून कठोर निघाला : औषध घेतलेल्यांपैकी ३२ दगावले होते, न घेतलेल्यांपैकी ३५. केवढी आशा, आणि अखेरीस अंतर केवढे थोडे !

असे का व्हावे? पुष्कळांची समजूत अशी की, रोग्याचे शरीर औषधाला सरावते. तसे नव्हे. फुप्फुसातील एका पोकळीत कोट्यवधी जंतू असतात, आणि ढोबळमानाने दहा लाखांत एखादा जंतू जन्मतःच या औषधाला न जुमानणारा असतो. औषध बाकीच्यांना मारते व या मूठभरांसाठी रान मोकळे करून देते. थोड्याच महिन्यांत पोकळीत त्यांचेच राज्य होते. मात्र दोन निरनिराळी औषधे एकदम दिली, तर दोहोंनाही पुरून उरणारा जंतू दहा लाख गुणिले दहा लाखांत एखादाच सापडणार. म्हणूनच स्ट्रेप्टोमायसिनच्या जोडीला पास हे औषध दिले गेले, १९५२ साली आयसोनायझिड त्यांना येऊन मिळाले, आणि खरा विजय तेथून सुरू झाला.

या विजयात आपल्या देशाचाही वाटा आहे. १९५६ साली मद्रासला क्षय-चिकित्सा केंद्र निघाले. गरीब वस्तीतल्या रोग्यांना घरीच ठेवून वर्षभर दोन औषधे नेमाने दिली, तर आरोग्यधामाइतकाच गुण येतो, हे तेथील कार्यकर्त्यांनी १९५९ साली दाखवून दिले. त्यात ‘नेमाने’ हा शब्द सर्वांत महत्त्वाचा होता.

आणि नेमका तोच आपण विसरलो. मुंबईच्या धारावीतील सुमारे शंभर खासगी डॉक्टरांनी क्षयासाठी ८० निरनिराळ्या औषधयोजना लिहून दिल्याचे १९९१ साली प्रसिद्ध झाले. २०१० साली पुन्हा तपासले, तेव्हा १०६ डॉक्टरांच्या ६३ योजना निघाल्या. २०१२ साली त्याच मुंबईतून, तपासलेल्या एकाही औषधाला दाद न देणाऱ्या क्षयाचे वृत्त जगभर गेले, तेव्हा आश्चर्य कसले करावयाचे? त्यानंतर बेडाक्विलिनसारखी नवी औषधे आली आहेत. त्यांनाही न जुमानणारे जंतू आढळू लागले आहेत.

खोकला थांबला, अंग भरले, की रोग्याला औषध नकोसे होते; ही माणसाची प्रकृतीच आहे. परंतु ज्या गोळ्या तो मधेच टाकतो, त्यांची किंमत केवळ तोच देत नाही. त्याच खोलीत झोपणारे त्याचे मूलही देते. १९४८ च्या त्या अहवालातील ४१ पैकी ३५ हा आकडा आम्हांला याचसाठी पुनःपुन्हा आठवावासा वाटतो.