तळटीप : ‘नागोठणे’

१. नागोठणे : पेण–रोहा लोहमार्गावर कासूनंतरचं स्टेशन. इथे मात्र तो ‘थांब’ सांगणारा ठरलेला शब्द आहे. शृंगारात ‘नको, नको’ लटकं असू शकतं; म्हणून त्या वेळी सहसा तोंडी येणार नाही असा शब्द दोघं आधीच ठरवतात. तो उच्चारला की दोराची गाठ सुटते, हात थांबतात. पेणची नायिका, रोह्याचा नायक आणि शब्द मधल्या स्टेशनचा, हे झकासच! ‘सखाराम बाइंडर’ नाटकातला (१९७२) पट्टा इथे आठवू नये, तिथे संमतीच नाही. अशा शृंगारातला धोका वात्स्यायनालाही ठाऊक होता : कुंतलच्या शातकर्णी सातवाहनाच्या ‘कर्तरी’ प्रहाराने महाराणी मलयवतीचा जीव गेल्याचा दाखला ‘कामसूत्रा’त आहे. — संपा.