वाट न पाहता वाचणे

विजयदुर्गच्या किल्ल्यातील ‘साहेबाचे कट्टे’ दाखवताना आमच्याकडे हौसेने सांगतात, की सर नॉर्मन लॉकियर यांनी १८६८ साली येथूनच हेलियम शोधला. अभिमान गोड आहे. पण साल चुकते. त्या वर्षी लॉकियर इंग्लंडात होते. येथे ते आले २२ जानेवारी १८९८ च्या खग्रास ग्रहणासाठी. सूर्याच्या कडेवरील ज्वाळा पाहण्यास ग्रहणाची वाट पाहावी लागत नाही, हे त्यांनी १८६८ च्या ऑक्टोबरात दाखवून दिले होते. गुंटूरला जान्सेन यांना ते दोन महिने आधीच साधले होते. प्रभामंडळ मात्र त्या काळी ग्रहणाखेरीज दिसत नसे. त्यासाठी थांबणे भागच होते.

कोठे थांबावे आणि कोठे नाही, हा माझ्याही धंद्यातला प्रश्न. संगणकाच्या आज्ञावलीत इतरांनी सुचवलेले बदल मी तपासतो. वाचकहो, वाण्याचे दुकान डोळ्यांपुढे आणा. माल फळीवर असला तर लगेच मिळतो. वखारीतून आणायचा तर गिऱ्हाईक ताटकळते, आणि मागची रांगही. संगणकाची स्मृती ही फळी, तबकडी ही वखार. जाळ्यावरून येणाऱ्या निरोपासाठी ‘थांबू नकोस’ ही खूण फार पूर्वीपासून होती, पण तबकडीवरील साध्या फायलीला ती लागू पडत नसे.

२०१४ साली मिलोश टान्स्की यांनी लिनक्सच्या गाभ्यासाठी बदल सुचवला: फळीवर असेल तेवढेच द्या, नसेल तर तसे सांगा. चर्चेत दुसरी वाटही निघाली, की आधी फळीवर आहे का ते विचारावे, मग वाचावे. पण विचारणे आणि उचलणे यांच्यामध्ये माल फळीवरून हलला तर? मग थांबणे आलेच! अखेर नवी वाचन-आज्ञा २०१६ मध्ये ४.६ या आवृत्तीत आली आणि ‘नोवेट’ ही खूण साध्या वाचनाला २०१७ च्या ४.१४ मध्ये लाभली. एवढ्याशा खुणेला तीन वर्षे! मला ती फार वाटत नाहीत.

असा बदल माझ्याकडे आला, की मी आधी रिकाम्या हाताने परतल्यावरची व्यवस्था पाहतो. ‘आत्ता नाही’ आणि ‘फाईल संपली’ ही उत्तरे निराळी. त्यांची गल्लत झाली तर अर्धीच फाईल पुरी म्हणून पुढे जाते. कोणी पुन्हापुन्हा तेच विचारीत बसतो. त्यापेक्षा मुकाट थांबलेले बरे. वखारीत पाठवायला वेगळा गडी ठेवलेला दिसला, तरच मी पुढच्या ओळीकडे वळतो.