राखणीचे काम : पिंपरीच्या पेनिसिलीन कारखान्यातील श्रमाचे स्वरूप

महाराष्ट्रातील औद्योगिक श्रमाचा इतिहास मराठीत जो लिहिला गेला, तो बव्हंशी मुंबईच्या कापडगिरण्यांचा होय. त्यामुळे कामगार म्हटला की मागावर हात चालविणारा मनुष्यच आपल्या डोळ्यांपुढे उभा राहतो. रासायनिक कारखान्यातील कामगाराला मात्र हे चित्र लागू पडत नाही. तेथील श्रम हाताचे थोडे आणि अवधानाचे फार. म्हणूनच कदाचित अभ्यासकांच्या नजरेतून ते निसटले असावेत. प्रस्तुत लेखात पिंपरी येथील हिंदुस्तान अँटिबायोटिक्स या कारखान्याच्या आधारे या श्रमाचे स्वरूप पाहावयाचे आहे. लेखक भाषेचा अभ्यासक असल्याने त्याची दृष्टी वारंवार शब्दांकडे वळेल, याबद्दल इतिहासाच्या वाचकांनी क्षमा करावी.

भारत सरकारने जागतिक आरोग्य संघटना व युनिसेफ यांच्या साहाय्याने हा प्रकल्प हाती घेतला. मार्च 1954 मध्ये कंपनीची स्थापना झाली व 1955 च्या ऑगस्टात उत्पादन सुरू झाले. औषधनिर्मितीच्या क्षेत्रातील सरकारी मालकीचा हा पहिला कारखाना. महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ 1962 साली आणि पिंपरी-चिंचवडची नवनगरपालिका 1970 साली अस्तित्वात आली, हे ध्यानात घेतले म्हणजे कारखाना आधी आणि नगर मागाहून, हा क्रम स्पष्ट होतो. प्रारंभीच्या कामगारांना आदर्श म्हणून पाहावा असा जुना रासायनिक कामगार आसपास नव्हता. शेतीतून किंवा शाळेतून उठून ते थेट फर्मेंटरपाशी येऊन उभे राहिले.

हे काम कसे असते? पेनिसिलीन मनुष्य करीत नाही, बुरशी करते. प्रयोगशाळेत जपलेल्या बीजाणूंपासून प्रथम चंबूत, मग लहान टाकीत आणि शेवटी हजारो लिटरांच्या फर्मेंटरमध्ये तिची वाढ करतात. तिला मक्याचा अर्क व शर्करा यांचे खाद्य लागते, गाळून निर्जंतुक केलेली हवा अखंड लागते, आणि तापमान पंचवीस अंशांच्या आसपास स्थिर राहावे लागते. असे पाच-सहा दिवस चालते. या अवधीत कामगाराने करावयाचे ते एवढेच : काटे पाहावयाचे, नमुना काढावयाचा, फेस चढू लागल्यास तो बसवावयाचा, आणि वाफेचा एकही व्हॉल्व ढिला राहू द्यावयाचा नाही. एखादा परका जंतू आत शिरला तर तो खाद्यात वाटेकरी होतोच. पण त्यांतील काही जंतू पेनिसिलिनेझ नावाचे द्रव्य निर्माण करतात आणि ते तयार झालेले पेनिसिलीनही नष्ट करते. अशा वेळी पहिल्या दिवसापासूनचे श्रम एका रात्रीत वाया जातात. बाहेरून पाहणाऱ्यास मात्र त्या रात्री कोणी काही केले असे दिसत नाही, आणि न केल्याचेही दिसत नाही.

पुढील टप्पा याच्या उलट घाईचा असतो. गाळलेला द्रव आम्ल करून त्यातून औषध द्रावकात ओढून घेताना ते फार काळ टिकत नाही. म्हणून थंडाव्यात आणि झपाट्याने काम उरकावे लागते. अखेरीस भरणीच्या खोलीत टोपी, मुखपट्टी व निर्जंतुक पोशाख आलाच. पेनिसिलीनच्या धुळीने काहींच्या अंगावर पुरळ उठते, काहींना दमा जडतो. ज्या औषधाने परक्याचा जीव वाचावा, त्याचेच वावडे ते भरणाऱ्यास व्हावे, हा या धंद्यातील एक चमत्कारिक भाग होय.

आता शब्दांकडे वळू. या क्रियेसाठी पाठ्यपुस्तकांनी ‘किण्वन’ हा शब्द स्वीकारला आहे. त्याच्या मुळाशी असलेला ‘किण्व’ कौटिल्याच्या अर्थशास्त्रात सुराध्यक्षाच्या प्रकरणी आढळतो, म्हणजे त्याचे कुळ उत्तमच आहे. परंतु विरजण लावणे, पीठ आंबवणे, दूध नासणे या घरगुती क्रियापदांत जे ज्ञान साठलेले आहे ते त्याच जातीचे असूनही कारखान्याच्या कागदावर त्याला जागा मिळाली नाही. विरजण लावलेले भांडे हलवू नये, हे घरातल्या बाईला ठाऊक असते. निर्जंतुकतेचा नसला तरी धीराचा धडा तिने आधीच घेतलेला असतो. ‘पाळी’ हा शब्दही असाच विचार करण्याजोगा आहे. गिरणीच्या मुंबईत त्याचा अर्थ कामाचे तास. कालव्याच्या मुलखात मात्र पाण्याची पाळी असते; ती रात्री दोनला आली तरी शेतकऱ्याला उठावेच लागते. फर्मेंटरची रात्रपाळी या दुसऱ्या अर्थाला अधिक जवळची आहे. गिरणी सणाला बंद ठेवता येते. चौथ्या दिवसावर आलेली बुरशी दिवाळी ओळखत नाही. माळ्यावर बसून पिकाची राखण करणाऱ्याच्या कामाशी या श्रमाचे जे नाते आहे, ते मागावरच्या कामाशी नाही, असे आमचे मत आहे.

संशोधनाच्या अंगाने या कारखान्याने मोठे यश मिळविले. एम. जे. तिरुमलाचार यांच्या संशोधनातून 1961 साली हॅमायसिन हे बुरशीनाशक प्रतिजैविक पुढे आले. त्याच्या नावात कंपनीची आद्याक्षरे आहेत, आणि ते निर्माण करणाऱ्या सूक्ष्मजीवाचे शास्त्रीय नाव स्ट्रेप्टोमायसिस पिंप्रिना. एका मराठी गावाचे नाव अशा रीतीने लॅटिन नामावळीत गेले. पाळीवरच्या माणसांची अशी नोंद कोठेही झाली नाही.

पुढची कथा उताराची आहे. 1997 साली कंपनी आजारी उद्योगांत गणली गेली. डिसेंबर 2016 मध्ये देणी भागविण्यासाठी तिची अतिरिक्त जमीन विकण्यास केंद्रीय मंत्रिमंडळाने संमती दिली. दरम्यान औद्योगिक पट्टा चाकणपर्यंत पसरला, आणि ‘परमनंट’ या शब्दाभोवती एके काळी जी निश्चिंती होती तिची जागा ‘कॉन्ट्रॅक्ट’ने घेतली. एच. ए. कॉलनी हे नाव मात्र पिंपरीत रूढ आहे.

पाळीच्या नोंदवहीत तापमान, दाब व वेळ लिहिण्याचे रकाने असतात. फेस चढण्यापूर्वी तो चढणार हे कशावरून ओळखले, याला रकाना नसतो. साठीच्या दशकात विशीत असताना जे तेथे लागले, ते आज ऐंशीच्या पुढे आहेत. आपल्या विभागातील विद्यार्थ्यांना पिंपरी दूर नाही, आणि या मंडळींकडे जाताना प्रश्नावलीपेक्षा कोरी वही नेलेली बरी.