दोन आणि आठ



दांडिया बाजारात शिक्षणाविषयी बोलताना कलाभवनाचे स्मरण होणे स्वाभाविक आहे. महाराजा सयाजीराव गायकवाड यांच्या आश्रयाने प्रा. त्रिभुवनदास गज्जर यांनी १८९० साली ही संस्था उभारली, ती शास्त्र व कारागिरी लोकभाषेतून शिकविता यावी या हेतूने. परंतु केवळ भाषा सोपी करून भागत नाही. विद्यार्थ्याची बुद्धी नेमकी कोठे अडते, हे शिक्षकाने आधी ओळखावे लागते. बीजगणितात ही ओळख फार जुनी आहे.

११५० साली ‘सिद्धांतशिरोमणी’ रचणाऱ्या भास्कराचार्यांनी आपल्या ‘बीजगणिता’त करणींचे प्रकरण घातले. ज्या संख्येचे वर्गमूळ पूर्ण निघत नाही, ती करणी. त्यांनी तीन जोड्यांची बेरीज विचारली आहे: २ व ८, ३ व २७, ३ व ७. रीत अशी: दोन्ही संख्यांच्या बेरजेत त्यांच्या गुणाकाराच्या वर्गमूळाची दुप्पट मिळवावी. २ व ८ यांची बेरीज १०, गुणाकार १६, त्याचे मूळ ४, दुप्पट ८; म्हणून √२ + √८ = √१८. याच रीतीने दुसऱ्या जोडीचे उत्तर √४८ येते. तिसऱ्या जोडीचा गुणाकार २१. त्याचे मूळ पूर्ण निघत नाही. म्हणून √३ + √७ तसेच वेगवेगळे ठेवावे. जेथे रीत लागत नाही तेही उदाहरण मुद्दाम देणे, यात खऱ्या अध्यापकाची दृष्टी दिसते.

१६१४ मध्ये स्कॉटलंडच्या नेपिअरने लघुगणक प्रसिद्ध केले आणि पुढे ब्रिग्जने दहाच्या पायावर कोष्टके रचली. आता तेच दोन आणि आठ घ्या. लॉग २ म्हणजे ०.३०१०, लॉग ८ म्हणजे ०.९०३१, बेरीज १.२०४१, म्हणजेच लॉग १६. करणीत १८, लघुगणकात १६. दहा मात्र कोठेच नाही! तरीही घाईत असलेला विद्यार्थी दोन्हीकडे दहाच लिहितो, कारण नैसर्गिक संख्यांची सवय तो अपरिमेय संख्यांच्या प्रांतात तशीच नेतो. √२ आणि लॉग २ या दोन्ही संख्या अपरिमेयच.

लघुगणकांच्या कोष्टकात बोट फिरविलेल्या माजी विद्यार्थ्यांना ही चूक आठवेल. गणकयंत्राने आकडेमोडीचे कष्ट वाचविले. रीत कोठे लागू पडते आणि कोठे नाही, हा विवेक मात्र आजही वर्गातच घडवावा लागतो. गुरुजनांचे खरे स्मरण तेच होय.