वास न येणं आणि स्किझोफ्रेनिया: ८१ मुलांचा अभ्यास नीट वाचूया



मागच्या आठवड्यात रात्री ११ वाजता एका मैत्रिणीचा फोन आला. तिच्या १६ वर्षांच्या मुलाला कोविडनंतर वास नीट येत नाही. तिने कुठेतरी वाचलं की वास न येणं ही स्किझोफ्रेनियाची आधीची खूण असते. तिच्या सख्ख्या काकांना हा आजार होता, पण माहेरी त्याचं नावही कधी कोणी काढलं नाही. त्यामुळे ती जास्तच घाबरली होती. मी डॉक्टर नाही, सीए आहे. पण आकडा कुठून आला हे शोधायची खोड जात नाही, म्हणून या संशोधनाचा इतिहास वाचून काढला.

सुरुवातच मजेशीर आहे. १८७९ मध्ये फ्रान्सच्या पॉल ब्रोका यांनी माणसाला वासात कच्च्या प्राण्यांच्या गटात टाकलं. का, तर मेंदूच्या मानाने आपला वास घेणारा भाग छोटा. नाकाची परीक्षा न घेताच निकाल! तो समज इतका टिकला की २०१७ मध्ये जॉन मॅकगॅन यांना 'सायन्स'मध्ये सविस्तर लेख लिहून तो खोडावा लागला. मनोविकारांच्या डॉक्टरांनीही नाकाकडे एकाच बाजूने पाहिलं. क्रेपलिन आणि ब्लॉयलर (१९०८ मध्ये 'स्किझोफ्रेनिया' हा शब्द ब्लॉयलर यांनीच दिला) यांनी रुग्णांना नसलेले वास येतात हे नोंदवलं. असलेले वास ओळखता येतात का, हे मोजायला मात्र सोपं साधनच नव्हतं.

ते आलं १९८४ मध्ये. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातल्या रिचर्ड डॉटी यांनी ४० वासांच्या छोट्या पुस्तिका काढल्या. पेन्सिलीने पट्टी खरवडायची, हुंगायची आणि ४ पर्यायांतला एक निवडायचा. गुण ४० पैकी. स्वस्त, कुठेही नेता येणारी परीक्षा. १९८८ मध्ये हर्विट्झ, कोपाला आणि सहकाऱ्यांनी स्किझोफ्रेनियाच्या रुग्णांमधली वासाची उणीव मांडली. पुढे टुरेट्स्की आणि मोबर्ग यांच्या गटाला एमआरआयमध्ये रुग्णांचा घ्राणकंद सरासरीने लहान दिसला. २००३ मध्ये तसंच रुग्णांच्या सख्ख्या नातेवाइकांत दिसलं, ज्यांना स्वतःला आजार नव्हता. हे वाक्य मैत्रिणीला मी दोनदा वाचून दाखवलं.

पण या परीक्षेत एक गंमत आहे. मूळ पुस्तिकेत लवंग, दालचिनी, खोबरं आहे, तसंच रूट बिअर आणि विंटरग्रीनही आहे. आपल्या आईला रूट बिअर ओळखता आली नाही तर दोष नाकाचा की गावाचा? म्हणूनच पुढे वेगवेगळ्या देशांसाठी बदललेल्या आवृत्त्या निघाल्या.

आता तो अभ्यास, ज्याच्या जिवावर बहुतेक भीतीदायक मथळे उभे आहेत. मेलबर्न, २००३, वॉरिक ब्रुअर आणि सहकारी. ८१ तरुण, किमान १८ महिने पाठपुरावा. त्यातल्या २६ जणांना पुढे सायकोसिस झाला. या २६ पैकी १२ जणांना स्किझोफ्रेनियाच्या गटातला आजार झाला आणि वास ओळखण्यातली ठळक उणीव फक्त या १२ जणांत होती. इतर प्रकारचा सायकोसिस झालेल्या १४ जणांत नव्हती. आणि हे ८१ जण शाळेतून उचललेली मुलं नव्हती! अधूनमधून भास, संशय, किंवा घरात आजार आणि त्याबरोबर वागण्यात-अभ्यासात मोठी घसरण, अशा कारणांनी ते आधीच खास क्लिनिकमध्ये आलेले होते. नंतरच्या काही अभ्यासांत तर असा फरक सापडलाच नाही.

ऑडिटमध्ये एखादी नोंद खटकली की आम्ही पुढचे कागद मागतो, लगेच अफरातफर झाली असं लिहीत नाही. इथेही तसंच. वास सर्दीने, नाकातल्या पॉलिपने, डोक्याला मार लागल्याने, सिगारेटने, कोविडने कमी होतो. मोठ्या वयात पार्किन्सन्स आणि अल्झायमर्समध्येही होतो. नुसत्या नाकावरून मुलाच्या मनाचं निदान करता येत नाही, आणि घरी हिंगाची डबी धरून परीक्षा घेण्यात काही अर्थ नाही.

मग बघायचं काय? मुलगा किंवा मुलगी मित्रांना अचानक तोडते का, रात्रीचा दिवस होतोय का, मार्क एकदम घसरले का, 'सगळे माझ्याबद्दल बोलतात' असं वारंवार म्हणते का, कोणी नसताना आवाज ऐकू येतात का. यातलं काही आठवडेच्या आठवडे टिकलं तर डॉक्टरांकडे जाच. 'वयाचं आहे, जाईल' म्हणत थांबू नका, कारण उपचार लवकर सुरू होणं इथे फार महत्त्वाचं आहे. आणि घरातला इतिहास सांगा. आपल्यापैकी अनेकांना हा आजार 'देवराई' सिनेमात पहिल्यांदा भेटला, तो आपल्याच घरात होता हे मात्र लग्न ठरताना लपवलं गेलं. इथल्या डॉक्टरला ते कोण सांगणार?

मैत्रिणीचा मुलगा क्रिकेट खेळतो, रोज मित्रांबरोबर हुंदडतो, झोपही नीट आहे. त्याला जीपीने कान-नाक-घशाच्या डॉक्टरकडे पाठवलंय. फॉर्मवर कुटुंबातल्या आजारांचा रकाना होता. तिथे तिने पहिल्यांदाच काकांचा आजार लिहिला, आणि मग आईला फोन करून तसं सांगितलं.