नोकरीच्या जाहिराती एकाच तक्त्यात : शोधता येईल अशी नोंद कशी ठेवावी

नांदेड-लातूरकडच्या आपल्या मुलामुलींना जाहिराती मिळत नाहीत असं नाही. मोबाइलवर रोज येतात, पण फोटो म्हणून. माझ्या एका जुन्या विद्यार्थिनीला उर्दू माध्यमाच्या जागेची जाहिरात मुदत संपल्यावर कळली. ग्रुपमध्ये ती आधीच आली होती, फक्त फोटोत तारखेची ओळ कापली गेली होती.

यावर उपाय साधा आहे: गूगल शीट. एक रकाना पदाचा, मग संस्था, तालुका, जिल्हा, माध्यम, विषय, पात्रता, जागा, शेवटची तारीख आणि मूळ दुवा. माध्यम आणि विषय वेगळेच ठेवा. उर्दू माध्यमाच्या शाळेतली गणिताची जागा आणि मराठी शाळेतली उर्दू विषयाची जागा या दोन निरनिराळ्या गोष्टी आहेत. एका ओळीत एकच पद लिहायचं. जाहिरातीत लिपिक, शिपाई आणि शिक्षक असतील तर तीन ओळी, नाहीतर पुढे मोजणी चुकते.

माहिती कुठून घ्यायची? शिक्षक भरतीसाठी पवित्र पोर्टल, राज्याचं महास्वयम्, २०१५ साली सुरू झालेलं केंद्राचं नॅशनल करिअर सर्व्हिस, साप्ताहिक रोजगार समाचार, दोन्ही जिल्हा परिषदा आणि महापालिका, शिवाय नांदेडचं स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ. संकेतस्थळावर साधा तक्ता असेल तर ‘इम्पोर्टएचटीएमएल’ हे सूत्र तो थेट शीटमध्ये आणतं. पण तिकडून जाहिरात काढली की आपल्याकडूनही जाते. म्हणून आलेल्या ओळी दुसऱ्या पानावर ‘फक्त मूल्य’ म्हणून चिकटवायच्या. लॉगिनच्या आतली माहिती यंत्रानं खेचू नका, हातानं भरा.

खरी डोकेदुखी मराठीची आहे. कृतिदेव किंवा श्रीलिपीच्या जुन्या फाँटमधली पीडीएफ कॉपी केली की इंग्रजी अक्षरांचा कचरा येतो. स्कॅन केलेल्या कागदातून तर काहीच येत नाही. अशी फाइल गूगल ड्राइव्हवर चढवून गूगल डॉक्समध्ये उघडली की अक्षरं बऱ्यापैकी वाचली जातात, पण आकडे मूळ कागदाशी ताडून पाहाच. शिवाय ‘लातूर’ शोधलं तर ‘लातुर’ सापडत नाही, ‘नगरपरिषद’ शोधलं तर ‘नगर परिषद’ निसटते. जिल्हा, तालुका, माध्यम या रकान्यांना ड्रॉपडाउन लावला की हा प्रश्न मिटतो. तारखा आणि जागा इंग्रजी अंकांतच भरा, देवनागरी अंकांना शीट बहुधा मजकूर समजते आणि बेरीज करत नाही. शीटच्या सेटिंगमध्ये देश भारत निवडा, म्हणजे आधी दिवस, मग महिना.

एवढं झालं की फिल्टरनं पाच सेकंदांत ‘लातूर, उर्दू माध्यम, डी.एड.’ समोर येतं. शेवटच्या तारखेतून आजची तारीख वजा करणारा एक रकाना जोडा, सातपेक्षा कमी दिवस उरलेल्या ओळी लाल करा. पिव्होट टेबलनं जिल्हा आणि पात्रतेनुसार जागांची बेरीज निघते. बारावीनंतर काय, हे विचारणाऱ्या पालकांपुढे ती ठेवता येते. मात्र एकच जाहिरात दोन ठिकाणांहून आली तर दोनदा मोजली जाते, त्यामुळे आधी दुहेरी ओळी काढायच्या.

शीट सगळ्यांना फक्त पाहण्यासाठी खुली ठेवा, बदलण्याचा हक्क दोघा-तिघांनाच. उमेदवारांचे फोन नंबर तिच्यात घालू नका. कुणी खाजगी खात्यावर पैसे मागत असेल तर ती जाहिरात भरायचीच नाही. आणि नवी नोंद मूळ दुवा उघडून पाहिल्याशिवाय घेऊ नका, मग ती कितीही ओळखीच्या माणसानं पाठवलेली असो.