कुंपणाची छाटणी आणि खताचा खड्डा : गोरेगावच्या धानपट्ट्यातील एक इतिहास

गोंदिया जिल्ह्यातील गोरेगाव तालुका वैनगंगेच्या खोऱ्यातील धानपट्ट्यात मोडतो. येथील खताचा इतिहास लिहिताना बांधी, म्हणजे चारी बाजूंनी धुरा घातलेले धानाचे शेत, तेवढी डोळ्यांसमोर ठेवून भागत नाही. घरामागची सांदवाडीही पाहावी लागते. वांगी, वाल, भोपळा, मिरची आणि चार फुलझाडे यांचे हे लहानसे आवार कुंपणाने वेढलेले असे, आणि ते कुंपण छाटल्यावर, वाफे निंदल्यावर व वेल उपटल्यावर जे उरे त्याचे काय करायचे, हा प्रश्न दरवर्षी नव्याने उभा राही. शेण कुजवून खत करण्याची विद्या तर फार जुनी आहे. 'कृषिपराशर' या संस्कृत ग्रंथात शेणाचा ढीग माघात उपसावा, उन्हात वाळवून त्याची भुकटी करावी आणि फाल्गुनात शेतोशेती खड्डे करून ती त्यांत ठेवावी, असा विधी सांगितला आहे. परंतु त्यात काटक्यांना आणि छाटलेल्या फांद्यांना स्थान नाही. ते स्थान त्यांना विसाव्या शतकात मिळाले, आणि ते का मिळाले हे समजण्यासाठी आधी त्या काटक्या कोठे जात होत्या हे पाहणे आवश्यक आहे.

त्या वाया जात नव्हत्या. धुऱ्यावर पेरलेली तूर निघाली की तिच्या तुराट्या घराच्या कुडाला, कुंपणाला आणि शेवटी चुलीला लागत. जुने काटेरी कुंपण मोडले की तेही सरपणात जमा होई. मध्य प्रांतातील मालगुजारी, म्हणजे सरकारला सारा भरणाऱ्या जमीनमालकांच्या, गावांत रानातून जळण, काटे, पाला आणि घरबांधणीचे लाकूड आणण्याची गावकऱ्यांची वहिवाट होती. तिला 'निस्तार' म्हणत. जेथे रान जवळ होते तेथे शेण चुलीपासून वाचवून खड्ड्यात टाकणे शक्य होते, आणि जेथे ते दूर होते तेथे शेणाच्या गोवऱ्या होत. जॉन ऑगस्टस व्होल्कर या रसायनशास्त्रज्ञाने हिंदुस्थानच्या शेतीवरील आपल्या 1893 च्या अहवालात नेमका हाच मुद्दा मांडला : शेतकरी शेण जाळतो तो अज्ञानामुळे नव्हे, लाकूड मिळत नाही म्हणून, यास्तव सरकारने जळणासाठी राखीव वने वाढवावीत. शेतकऱ्याला अडाणी ठरवण्याच्या त्या काळात हे विधान न्यायाचे होते. पुढे मालगुजारी नष्ट करणारा 1950 चा कायदा 1951 मध्ये अमलात आला, मालगुजारांची राने सरकारकडे गेली आणि निस्ताराची जुनी घडी बदलली.

काटक्यांचे खत होऊ शकते हे पद्धतशीरपणे दाखवले गेले ते इंदूरला. 1924 मध्ये तेथे स्थापन झालेल्या वनस्पती-उद्योग संस्थेत अल्बर्ट हॉवर्ड आणि त्यांचे सहकारी यशवंत वाड यांनी शेतातील सर्व निरुपयोगी मानल्या गेलेल्या पदार्थांचा, म्हणजे तण, पालापाचोळा, कुंपणाची छाटण, पऱ्हाट्या आणि तुराट्या यांचा, विचार केला आणि 1931 मध्ये दोघांच्या नावाने ती पद्धत पुस्तकरूपाने प्रसिद्ध झाली. लाकडी काडी लवकर कुजत नाही याची कारणे दोन आहेत. एक म्हणजे तिच्यातील लिग्निन, म्हणजे लाकडाला ताठरपणा देणारे द्रव्य, सूक्ष्मजीवांना सहजी फोडता येत नाही. आणि दुसरे म्हणजे कर्बाच्या मानाने तिच्यात नत्र फारच थोडे असते, तर कुजण्याची क्रिया जोमाने चालण्यासाठी साधारण तीस भाग कर्बाला एक भाग नत्र लागते. इंदूरला यावर काढलेला उपाय शेतकऱ्याच्या आवाक्यातला होता. टणक काड्या शेतातील गाडीवाटेवर पसरून बैलगाड्यांच्या चाकांखाली चिरडून घेतल्या जात, मग गोठ्यात गुरांखाली अंथरल्या जात, म्हणजे त्या मूत्र शोषून घेत आणि नत्राची उणीव भरून निघे. हिरवा पाला मात्र आधी सुकवून घेतला जाई, कारण ओला पाला दाबून बसला की हवा कोंडते. त्यावर शेण, मूत्राने भिजलेली माती आणि लाकडाची राख घालून ढीग तीन वेळा उलथला की सुमारे तीन महिन्यांत खत तयार होई. पावसाळ्यात खड्डे पाण्याने भरतात म्हणून त्या काळात जमिनीच्या वर ढीग लावण्याची सूचनाही त्यांनी दिली होती. वर्षाला बाराशे मिलिमीटरहून अधिक पाऊस पडणाऱ्या गोरेगावसारख्या भागासाठी ती विशेष महत्त्वाची ठरते.

वर्ध्याच्या मगनवाडीत अखिल भारतीय ग्रामोद्योग संघाचे काम सुरू झाले त्याच सुमारास, 1935 मध्ये, गांधीजींच्या 'हरिजन' पत्रातून इंदूर पद्धतीचा परिचय करून देण्यात आला. तरीही ती घरोघर रुजली नाही. ढीग तीनदा उलथण्याची मजुरी आणि भरपूर शेण या तिच्या दोन अटी होत्या, आणि रोवणीच्या, म्हणजे धानाचे पऱ्हे लावण्याच्या, दिवसांत लहान शेतकऱ्याकडे मजुरीसाठी हात मोकळे नसत. सी. एन. आचार्य यांच्या बंगलोर पद्धतीत उलथणे टळले, पण तिचा भर शहरांच्या कचऱ्यावर होता.

विदर्भाचे स्वतःचे उत्तर यवतमाळ जिल्ह्यातील पुसद येथून आले. नारायण पांढरीपांडे यांनी तयार केलेली 'नाडेप' पद्धत, जिचे नाव त्यांच्या नावाच्या आद्याक्षरांवरून पडले, ती इंदूरच्या दोन्ही अटी सैल करते, आणि तिचे खरे मोल येथेच आहे. दहा फूट लांब, सहा फूट रुंद व तीन फूट उंच अशा विटांच्या टाक्याच्या भिंतींत भोके ठेवली जातात, त्यांतून हवा आत जाते आणि ढीग उलथावा लागत नाही. चौदाशे ते पंधराशे किलो काडीकचऱ्याला शेण शंभर किलोच्या आत पुरते, कारण ते पाण्यात कालवून प्रत्येक थरावर शिंपडले जाते आणि वर चाळलेली कोरडी माती पसरली जाते. भरलेले टाके चिखलाने लिंपून घेतले की साधारण चार महिन्यांत खत मिळते. टाके जमिनीच्या वर असल्याने पावसाळ्याची अडचणही बरीच कमी होते. सांदवाडीच्या छाटणीसाठी यात एक दक्षता घ्यावी लागते. गुरे तोंड लावत नाहीत म्हणून कुंपणाला लावली जाणारी बेशरम ही वनस्पती ओल्या कांडीपासूनच फुटते, त्यामुळे तिचे तुकडे उन्हात पूर्ण वाळवल्याशिवाय टाक्यात टाकता येत नाहीत. मेंदीच्या किंवा जास्वंदीच्या छाटणीचे मात्र बोटभर तुकडे केले तरी पुरते.

गॅसच्या शेगडीने चूल मागे सारली, तेव्हा काटक्यांचे जुने गिऱ्हाईक कमी झाले आणि त्या आवारात साचू लागल्या. त्या पेटवून देण्याची सवय याच काळात वाढली. केंद्र सरकारच्या 2016 च्या घनकचरा व्यवस्थापन नियमांनी बागेतील कचरा उघड्यावर जाळण्यास आणि रस्त्यावर वा नालीत टाकण्यास मनाई केली व तो आपल्याच आवारात वेगळा ठेवण्याची जबाबदारी घरमालकावर टाकली. ती पार पाडताना तालुक्याच्या ठिकाणी राहणाऱ्या, गोठा नसलेल्या कुटुंबाला आज शेणच विकत किंवा मागून आणावे लागते, आणि म्हणून शंभर किलोत भागणारे टाके त्याच्यासाठी इंदूरच्या ढिगापेक्षा अधिक उपयोगाचे आहे.